संगणकाचा राखणदार



गेल्या वर्षीचा आपला वार्षिक अंक तीन आठवडे उशिराने निघाला, हे तुमच्या स्मरणात असेल. त्याचे कारण त्या वेळी आम्ही कोठेही छापले नाही. ‘काही अपरिहार्य अडचणींमुळे’ एवढे शब्द संपादकीयाच्या तळाशी घातले आणि मोकळे झालो. वास्तविक ती अडचण मुळीच अपरिहार्य नव्हती. तिची हकीकत सांगावी आणि तिच्या निमित्ताने एका शास्त्राचा थोडासा इतिहासही तुमच्यापुढे ठेवावा, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

कन्नौद, खातेगाव या बाजूला आणि देवास-धारकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी तुम्ही मुलांनी सुटीत घरोघर फिरून लिहून आणल्या होत्या. लेख एकेचाळीस झाले होते. आठवणी सांगणाऱ्या एक आजीबाई दिवाळीनंतर वारल्या. त्यांच्या तोंडची हकीकत एका विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रित करून घेतली होती. हे सारे साहित्य शाळेच्या एकुलत्या एका चांगल्या संगणकावर, एकाच फोल्डरात ठेवलेले होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. एका गुरुवारी सकाळी पाहतो तो सर्व फोल्डरांच्या चित्रांवर बारीकसा बाण उमटलेला! कोणीतरी सुचविले म्हणून घाईघाईने नवे विषाणुरोधक सॉफ्टवेअर आणून चालविले. त्याने पंधरा-वीस मिनिटे तपासणी करून ‘संगणक स्वच्छ झाला’ असे जाहीर केले. आणि खरोखरच स्वच्छ झाला. एकही फोल्डर उरला नाही.

आदल्या सायंकाळी त्या संगणकावर नववीतील एक मुलगा बसला होता. आम्ही भर वर्गात त्याला उभे केले. “सर, माझा पेनड्राइव्ह घरीच होता,” एवढेच तो म्हणाला. आम्ही ते मानले नाही. पुढे काय झाले ते यथावकाश सांगू. तत्पूर्वी हा विषाणू म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

संगणकाचा विषाणू हा सजीव नव्हे. ती माणसानेच लिहिलेली एक आज्ञावली असते. इतर आज्ञावल्या हिशेब करतात, पत्र लिहितात, चित्र दाखवितात. हिचे मुख्य काम एकच, ते म्हणजे दुसऱ्या आज्ञावलीला स्वतःची नक्कल चिकटविणे. ती दुसरी चालविली की तिच्यातून तिसरीला लागण होते. स्वतःची प्रत स्वतः काढणारे यंत्र शक्य आहे काय, हा प्रश्न जॉन फॉन नॉयमान या थोर गणितज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीसच व्याख्यानांतून मांडला होता. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाची आज्ञावली लिहिली. ती जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत असे आणि ‘जमल्यास मला पकडा’ अशा अर्थाचा संदेश दाखवीत असे. तिला हुडकून पुसून टाकण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’ लिहिली. हीच पहिली विषाणुरोधक आज्ञावली असे म्हणावयास हरकत नाही. १९८२ मध्ये पंधरा वर्षांच्या रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ‘एल्क क्लोनर’ हा विषाणू केवळ मित्रांची थट्टा करण्यासाठी लिहिला. तुमच्याच वयाचा तो मुलगा. परंतु त्याचे अनुकरण करू नये, हे निराळे सांगावयास नको.

आता आमच्या मते या इतिहासातील सर्वांत रंजक भाग येतो, आणि तो आपल्या शेजारचा आहे. १९८६ साली लाहोर येथे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ संगणकाचे दुकान चालवीत होते. त्यांनी वैद्यकीय उपयोगाची एक आज्ञावली तयार केली होती आणि लोक तिच्या चोरून नकला काढतात, असा त्यांचा समज झाला. चोराला अद्दल घडावी म्हणून त्यांनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला. आयबीएमच्या धर्तीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला हा पहिला विषाणू. फ्लॉपीच्या ज्या आरंभीच्या भागावरून संगणक सुरू होतो, त्या भागात तो ठाण मांडून बसे. कोणी तो भाग वाचू गेल्यास मूळचा निर्दोष मजकूरच पुढे करी. गंमत अशी की, त्या विषाणूच्या पोटात या भावांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! पुढे परदेशातूनही त्यांना दूरध्वनी येऊ लागले, तेव्हा त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

लाहोरच्या या दोघा भावांनी विषाणू लिहिला. आणि काही वर्षांनी पुण्यातील दोघा भावांनी त्यावरचा उतारा लिहावयास घेतला. कैलास आणि संजय काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर व रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दरमहा चारशे रुपयांवर कामास लागले. काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, साठविलेल्या पंधरा हजार रुपयांवर त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे लहानसे दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे बँकांतून व कचेऱ्यांतून संगणक दिसू लागले. येणारा काळ त्या यंत्राचा आहे, हे त्यांनी हेरले. स्वतः तर ते दुरुस्तीचे काम शिकलेच, शिवाय धाकट्या संजयने संगणकशास्त्रच शिकावे, असा आग्रह धरून त्यांनी त्याला पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात घातले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकी अनेकांचे दुखणे कलपुर्ज्यांत नसून विषाणूत आहे, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. संजय एकेका विषाणूचा अभ्यास करून तो काढण्याची लहान लहान आज्ञावली लिहीत. थोरल्या भावाने सुचविले, की ह्या सर्व एकत्र करून विकाव्यात. ‘क्विक हील’ या नावाने ते सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आले. १९९५ मध्ये त्यांच्या व्यवसायाची खाजगी कंपनी झाली, २००७ मध्ये तिला क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव मिळाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात नोंदले गेले.

दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाची ही कथा आम्ही वर्गात सांगितली, तेव्हा एकाने विचारले, “मग सर, अकरावीत कशाला जायचे?” प्रश्न बिनतोड आहे. परंतु ते सॉफ्टवेअर लिहिले कोणी, हे त्याने लक्षात घ्यावे. थोरल्याने शाळा सोडून मिळविलेला पैसा धाकट्याच्या शिक्षणावर खर्च झाला होता.

हे सॉफ्टवेअर विषाणू ओळखते तरी कसे? आरंभीची युक्ती अगदी साधी होती. प्रत्येक विषाणूत काही आज्ञांचा असा एखादा तुकडा असतो, जो अन्यत्र सहसा आढळत नाही. तो तुकडा टिपून ठेवावयाचा आणि संगणकातील प्रत्येक फाइलमध्ये तो आहे काय, हे पाहावयाचे. या तुकड्याला विषाणूची ‘सही’ म्हणतात. पोलीस चौकीत गुन्हेगारांची छायाचित्रे लावलेली असतात, तसाच हा प्रकार होय. छायाचित्रातला माणूस दाराशी आला की शिपाई त्याला धरतो. पण ज्याचे छायाचित्र अजून लागलेलेच नाही, त्याचे काय? तो सलाम ठोकून आत जातो. म्हणून सह्यांची यादी सतत अद्ययावत ठेवावी लागते. त्या काळी ती फ्लॉपीवरून टपालाने येई. आज ती दिवसातून कैक वेळा आपोआप येते.

विषाणू लिहिणारे काही स्वस्थ बसले नाहीत. १९९० पासून असे विषाणू निघाले, की जे प्रत्येक नकलेच्या वेळी आपला मजकूर सांकेतिक लिपीत बदलून टाकीत. बहुरूप्याचे छायाचित्र लावून काय उपयोग? तेव्हा रक्षकांनी दुसरी युक्ती काढली. संशयित आज्ञावलीला खऱ्या संगणकात न सोडता एका लुटुपुटुच्या संगणकात चालू द्यावयाचे आणि तेथे ती काय करते, हे पाहत राहावयाचे. सोंग उतरले की खरे रूप दिसते. येथून पुढे चेहऱ्यावरून ओळखण्याऐवजी वर्तनावरून ओळखण्याचा काळ सुरू झाला. एखादी आज्ञावली एका मिनिटात शेकडो फाइली उघडून त्यांचा मजकूर बदलू लागली, तर तिचे नाव-गाव ठाऊक नसले तरी तिचा हात धरावा, हे आजचे धोरण आहे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्थेने दिलेला आकडा पाहिला, तर दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आज्ञावल्या नोंदल्या जातात. इतकी छायाचित्रे लावावयास भिंती कोठून आणाव्यात?

या व्यवसायाची एक बाजू आम्हांला रुचत नाही, तीही सांगून टाकतो. ६ मार्च १९९२ या दिवशी ‘मायकेलअँजेलो’ नावाचा विषाणू लक्षावधी संगणक बुडविणार, असा जगभर गाजावाजा झाला. तो दिवस उजाडला आणि मावळला. हानी झाली ती काही हजार यंत्रांची. मात्र त्या भीतीपायी विषाणुरोधक सॉफ्टवेअरचा खप भरमसाट झाला. भीती विकून पोट भरणारा धंदा वैद्यकात आहे, तसा येथेही आहे.

सर्व विषाणू ओळखील असे परिपूर्ण सॉफ्टवेअर कोणी करीलच की एखाद्या दिवशी, असे तुम्हांला वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. परंतु ते होणे शक्य नाही, असे गणितानेच सिद्ध झालेले आहे. फ्रेड कोहेन हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी. १९८३ च्या नोव्हेंबरात त्यांनी परवानगी घेऊन एक प्रयोग केला. त्यांनी सोडलेल्या आज्ञावलीने प्रत्येक वेळी तासाभराच्या आत सबंध यंत्रणेचा ताबा घेतला. एकदा तर पाच मिनिटांहूनही कमी वेळ लागला. या प्रकाराला ‘व्हायरस’ हे नाव त्यांचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. कोहेन यांनी पुढे दिलेली सिद्धता भूमितीतील अप्रत्यक्ष सिद्धतेच्या पद्धतीची आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगी आहे, म्हणून येथे देतो.

समजा, कधीही न चुकणारा एक परीक्षक आहे. कोणतीही आज्ञावली दाखविली की तो ‘विषाणू आहे’ किंवा ‘विषाणू नाही’ असे अचूक सांगतो. आता आपण एक लबाड आज्ञावली लिहू. ती प्रथम त्या परीक्षकालाच विचारते, ‘मी विषाणू आहे काय?’ परीक्षक ‘आहेस’ म्हणाला, तर ती काहीच न करता गप्प बसते. ‘नाहीस’ म्हणाला, तर ती लगेच पसरू लागते. तर मग परीक्षकाने काय उत्तर द्यावे? ‘आहेस’ म्हणावे, तर ती निरुपद्रवी ठरते; ‘नाहीस’ म्हणावे, तर ती विषाणू ठरते. दोन्हीकडून तो खोटा पडतो. सबब असा परीक्षक असूच शकत नाही. वहीत लिहून पाहा. जेथे अडेल तेथे गणिताच्या सरांना विचारा, आम्ही कलाशाखेचे आहोत.

आमच्या घरात कोंकणी बोलली जाते. गोव्याकडे आणि कोकणात गावोगाव ‘राखणदार’ असतो. रात्री तो हातात दांडा घेऊन शिवेवर फिरतो, अशी श्रद्धा आहे. त्याला ठरल्या वेळी रोट द्यावा लागतो. रोट चुकला की राखणदार रुसतो, असे आमची आजी सांगत असे. शाळेच्या त्या जुन्या संगणकातही राखणदार होता. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे चिन्ह आम्ही रोज पाहत होतो. पण त्याची वार्षिक वर्गणी भरावयाची राहून सात महिने लोटले होते. त्याच्या भिंतीवर सात महिन्यांत एकही नवे छायाचित्र लागले नव्हते.

अर्थात रोट वेळेवर देऊनही राखणदार हतबल होतो, असे प्रसंग घडलेले आहेत. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक हल्ला जगभर झाला. त्याचा उगम युक्रेनमध्ये. तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जी सुधारित प्रत नियमाने येत असे, तिच्यातूनच तो आला. म्हणजे विश्वासू माणसाच्या पिशवीतून. तेथून तो एका बड्या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्याच दिवशी आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या कंपनीच्या धक्क्याचे काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाल्यावर माल हलणार कसा? पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत चोरट्यांनी घातक आज्ञावली घुसवून पैसे देण्यास मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केली आणि अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे काढले. एकंदर चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रुपये गेले. विषाणू म्हणजे शाळकरी मुलाची थट्टा, हा काळ केव्हाच मागे पडला होता.

आणि १९ जुलै २०२४ रोजी तर कहरच झाला. त्या दिवशी कोणताही विषाणू आला नव्हता. क्राउडस्ट्राइक या रक्षक कंपनीनेच पाठविलेल्या सुधारणेत चूक राहिली आणि जगातील सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक एकाएकी बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रक्षकाला घराच्या सर्व किल्ल्या द्याव्या लागतात, त्यावाचून तो रक्षण करू शकत नाही. आणि म्हणूनच तो पाय घसरून पडला तर सबंध घरच अडते.

आता आमच्या हकीकतीकडे वळू. तीन आठवड्यांनी इंदूरचे एक जाणकार तंत्रज्ञ कन्नौदला आले. त्यांनी कळफलकावर जेमतेम एक ओळ लिहिली आणि एकेचाळीस लेख, आजीबाईंच्या आवाजासह, जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले. तो विषाणू फोल्डर पुसत नसे. तो ते लपवीत असे आणि त्याच नावाचे बनावट चिन्ह पुढे मांडून ठेवीत असे. चिन्हावर बोट दाबले की आधी विषाणू चाले, मग फोल्डर उघडे. म्हणूनच कोणास संशय येत नसे. नव्या सॉफ्टवेअरने बनावट चिन्हे तेवढी काढली. लपविलेले उघडे करणे त्याच्या कामात बसत नव्हते. आम्ही मात्र सर्व नष्ट झाले असे समजून मुलांना पुन्हा लिहावयास बसविले होते! आजीबाईंना पुन्हा विचारण्याची तर सोयच नव्हती. त्या मुलीला तोंड कसे दाखवावे, हे आम्हांला कळत नव्हते.

मग तंत्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखविली. विषाणूची मूळ फाइल संगणकात केव्हा उतरली, त्याची तारीख व वेळ नोंदलेली होती: सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. आम्ही हजेरीपट उघडला. त्या सोमवारी तो मुलगा काकाच्या लग्नासाठी खातेगावला गेलेला होता. त्याच्या नावापुढे आमच्याच हस्ताक्षरात गैरहजेरीची खूण होती. आणि त्या वेळी संगणकावर कोण बसले होते? चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका बाहेरच्या एका दुकानात छापून घेऊन, तोच पेनड्राइव्ह खिशातून काढून, तपासल्यावाचून आम्हीच संगणकाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वर्गात गेलो. ज्या बाकापाशी त्याला उभे केले होते तेथे जाऊन, सर्व मुलांच्या देखत, चूक आमची होती असे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो खाली मान घालून म्हणाला, “असू द्या, सर.” वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्यानंतर शाळेच्या संगणकाची वर्गणी वेळेवर भरली जाते, आणि सर्व साहित्याच्या दोन प्रती निघतात. एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, संगणकापासून दूर असते. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने दिलेली विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. घरच्या संगणकासाठी ती उपयोगी पडतील. बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी एका निराळ्या जुन्या यंत्रावर तपासला जातो. त्या यंत्रापाशी एक वही आहे; तीत कोणाचा पेनड्राइव्ह, केव्हा आला, काय निघाले, हे लिहावे लागते. वही सांभाळण्याचे काम त्याच मुलाने आपण होऊन मागून घेतले. तो आता दहावीत आहे. परवा आम्ही या लेखाची प्रत घेऊन गेलो, तेव्हा त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “सर, आधी इकडे.” आमच्यापुढे पाचवीतील दोन मुली उभ्या होत्या; आम्ही त्यांच्या मागे रांगेत उभे राहिलो.